1 मेच्या ग्रामसभेत पाण्याला पहिला क्रमांक द्या

प्रति,
कोकण किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच आणि सर्व सदस्य यांस

विषय : पावसाळ्याआधी गावातल्या पाण्याची पाहणी करून ग्रामसभेत ठराव घेण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

1 मेची ग्रामसभा ही पावसाआधीची शेवटची. पुढची 15 ऑगस्टला. तोवर लावण्या आटोपलेल्या असतात, विहिरी काठोकाठ आलेल्या असतात आणि ज्याला कावीळ व्हायची त्याला ती होऊन गेलेली असते. मे महिन्यात आपल्याकडे पाण्याचा विषय निघतो तो टँकरचा, म्हणजे पाणी कमी पडतं म्हणून. जूननंतर पाणी भरपूर होतं आणि त्याच्याबरोबर काय काय वाहत येतं, हा विषय मी तरी कुठल्या ग्रामसभेच्या नोटिशीवर वाचलेला नाही.

मी किनाऱ्यालगतच्या गावांत आरोग्य सेवक म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे आणि वडिलोपार्जित आगर सांभाळतो : पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, थोडे माड, माडांवर चढवलेले मिरीचे वेल आणि पलीकडे भाताची काही खाचरं. त्यामुळे पाण्यातून येणारे रोग मला दोन्ही अंगांनी भेटले, दवाखान्याच्या ओपीडीत आणि पोफळीच्या बुंध्याशी. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), कावीळ, हगवण ही आरोग्य खात्याची बाब. कोळेरोग, कडा करपा, मिरचीची मर ही कृषी खात्याची. दोन खाती, दोन पत्रकं, दोन वेगवेगळ्या तारखांच्या बैठका. पाणी मात्र एकच. वरच्या वाडीत पडलेला पाऊस गोठ्यावरून, शोषखड्ड्यावरून, आगरातून, खाचरातून उतरत खाडीला मिळतो, आणि वाटेत जे भेटेल ते उचलून पुढच्याच्या दारात ठेवतो. ही अख्खी वाट ज्यांच्या हद्दीत आणि अखत्यारीत येते अशी गावात एकच संस्था आहे, तुमची. म्हणून पत्र तुम्हाला.

सुरुवात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरपासून करतो, कारण पाण्याच्या शुद्धतेचं नाव काढलं की ग्रामपंचायतीचं पहिलं उत्तर तेच असतं. 'आमच्याकडे जलसुरक्षक आहे, टीसीएल टाकतो.' टाकतोही. पण पावडरचं पोतं ऑफिसच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, तोंड उघडं. ताज्या पावडरमध्ये साधारण तेहतीस टक्के क्लोरीन असतो. कोकणातल्या दमट हवेत तो उडून जायला फार दिवस लागत नाहीत, मग उरतो तो नुसता चुना. विहिरीत काय पडलं हे रजिस्टर सांगत नाही, ओटी टेस्ट सांगते. नळाच्या शेवटच्या टोकाला पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचला. शेवटच्या टोकाला हे महत्त्वाचं. बहुतेक ठिकाणी टेस्ट टाकीखालच्या नळावर होते, कारण तो ऑफिसजवळ असतो.

बरं, क्लोरीन नीट पडला तरी त्यालाही मर्यादा आहे. दिल्लीत 1955 च्या अखेरीस यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत आलं. तिथल्या लोकांना ते कळलंही होतं. त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवला. टायफॉइड वाढला नाही, हगवण वाढली नाही. पण डिसेंबर-जानेवारीत सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. तेव्हाचे जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले आणि ती हिपॅटायटिस ई होती हे निश्चित झालं. जिवाणू मारायला पुरेसा असलेला क्लोरीन त्या विषाणूला पुरला नव्हता. आपल्या विहिरीचं पाणी जुलैत गढूळ असतं, आणि गाळ स्वतःच क्लोरीन खाऊन टाकतो. म्हणजे आपली स्थिती दिल्लीच्या जलकेंद्रापेक्षा बरी नाही.

ही ई प्रकारची कावीळ बहुतेकांना आपोआप बरी होते. गावठी औषधाला, गळ्यातल्या माळेला जे यश मिळतं ते त्यामुळेच, आणि त्याबद्दल मला कुणाशी वाद घालायचा नाही. पण शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला ती झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. गावात कावीळ दिसली की आशाताईंच्या वहीतल्या गरोदर बायांची नावं त्याच दिवशी काढा. त्यांच्या घरात उकळलेलंच पाणी जाईल याची जबाबदारी पंचायतीने घ्यावी, आणि त्यांच्यापैकी कुणाचे डोळे पिवळे दिसले तर माळ राहू दे, आधी दवाखान्याची गाडी बोलवा.

आता मूळ दुखण्याकडे येतो. टीसीएल हा शेवटचा उपाय. पाणी बिघडतं त्याच्या फार आधी, आणि आपल्याकडे ते बिघडतं जांभ्यामुळे. जांभा दगड म्हणजे चाळणी. विहीर जांभ्यात खणलेली, बांधलेली जांभ्याच्या चिऱ्यांची, चिऱ्यांच्या फटी मोकळ्या. तिच्या वरच्या अंगाला नवं घर उठतं, त्याचा शौचालयाचा खड्डा त्याच जांभ्यात. विहिरीपासून पंधरा मीटर, म्हणजे पन्नास फूट अंतर सोडा असा नियम सगळ्यांना पाठ आहे आणि टेप लावून मोजतातही. मोजतात केव्हा? मे महिन्यात, बांधकाम चालू असताना, जेव्हा विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असतं आणि खड्ड्याचा तळ कोरडा ठणठणीत दिसतो. आषाढात जमिनीतलं पाणी वर येतं, विहीर हाताने पाणी घ्यावं इतकी भरते, आणि तो खड्डा पाण्यात बुडतो. खड्ड्यातलं पाणी मातीतून हळूहळू झिरपलं तर वाटेत जंतू मरतात, अडकतात, या भरवशावर पन्नास फुटांचा आकडा उभा आहे. जांभ्याच्या भोकांतून ते झिरपत नाही, वाहतं. आणि उताराचा विचार तर टेपमध्ये नसतोच. विहिरीच्या खालच्या अंगाला तीस फुटांवरचा खड्डा एकवेळ परवडला, वरच्या अंगाला ऐंशी फुटांवरचा नको.

गेल्या काही वर्षांत गावोगाव जे बंगले उठले त्यातले बरेचसे चाकरमान्यांचे आहेत. वर्षातून गणपतीला आणि मेमध्ये उघडतात, पण गणपतीत एकेका घरात वीस-पंचवीस माणसं असतात, आणि तेव्हाच विहिरी भरलेल्या असतात. मी हे कुणाला बोल लावायला लिहीत नाही. मुंबईत सगळं ड्रेनेजमध्ये जातं, ते पुढे कुठे जातं हे बघायची वेळच येत नाही. ते सांगायचं काम गावाचं आहे, आणि 1 मेला ही मंडळी गावातच असतात.

किनाऱ्यावरच्या पुळणीत तर याहून अवघड. होम स्टे, न्याहारी-निवास, खोल्या वाढत चालल्यात. खाली वाळू, चार-सहा हातांवर पाणी, आणि त्या एकाच पाण्यात एका बाजूला पाहुण्यांच्या सेप्टिक टँकचा पाझर, दुसऱ्या बाजूला त्याच पाहुण्यांना प्यायला देण्याचं पाणी. 'आम्ही तर बाटलीचं पाणी देतो' असं एका मालकांनी मला ऐकवलं. भांडी कशात धुता आणि सोलकढी कशात करता, एवढंच मी विचारलं. टँकचा तळ सिमेंटने बंद केलेला आहे का आणि टँकमधून बाहेर पडणारं पाणी कुठे सोडलं आहे, हे ना-हरकत दाखला देताना जागेवर जाऊन बघणं तुमच्या हातात आहे. आराखड्यावर काढलेला चौकोन बघून सही करू नका.

विहिरीची दुरुस्तीही कठीण नाही. आतून वरचे वीसेक फूट फटी बुजवून गिलावा, अडीच फुटांचा कठडा, सभोवती तीन-चार फुटांचा सिमेंटचा ओटा आणि ओट्याचं पाणी लांब नेणारी पन्हळ. वरून झिरपून येणारं पाणी अडतं आणि तळाकडून येणारे झरे चालू राहतात. वित्त आयोगाच्या पैशात पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला हिस्सा असतो. तो कुठे खर्च होतो हे मला लिहायला लावू नका.

लेप्टोचं गणित वेगळं आहे आणि ते वेगळं धरायला हवं. तिथे टीसीएलचा काडीचा उपयोग नाही, कारण लेप्टो प्यायच्या पाण्यातून क्वचितच येतो, तो पायातून शिरतो. उंदराच्या मूत्रपिंडात हे जंतू ठाण मांडून बसतात, उंदराला काही होत नाही. त्याच्या, तसंच गुराढोरांच्या आणि कुत्र्यांच्या मुतातून ते चिखलात उतरतात आणि ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे टिकतात. लावणीत आठ-आठ तास पाण्यात राहून पाय पांढरे पडतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, बांधावरच्या गवताने पोटऱ्या चिरतात. जंतूला एवढी वाट पुरते. वलगणीचे मासे पकडायला बॅटरी घेऊन पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, उतरणारी पोरं, कुर्ल्यांसाठी बिळात हात घालणारे, सगळे त्यातच आले. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईला या रोगाचं नाव कळलं. आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या शेतकऱ्याला ते आधीही पोटरीत कळतच होतं, फक्त तो त्याला लावणीचा शीण म्हणायचा.

आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. ताप, पोटऱ्या पिळवटणं, डोळे लाल. माणूस क्रोसिन घेऊन पुन्हा शेतावर जातो. पाच-सहा दिवसांनी डोळे पिवळे, लघवी कमी, मग गाडी करून जिल्ह्याच्या ठिकाणी. पहिल्या दोन दिवसांत आला तर साध्या, स्वस्त औषधांनी बरा होणारा रोग आहे हा. पत्रकात 'शेतात गमबूट घालावेत' असं छापलेलं असतं. ज्याने हे लिहिलं त्याने चिखलणीच्या चिखलात गमबूट घालून दहा पावलं चालून दाखवावं. व्यवहारात जमणारा उपाय म्हणजे लावणीच्या दिवसांत डॉक्सिसायक्लिनची आठवड्यातून एक मात्रा, मोठ्या माणसाला 200 मिलिग्रॅम, आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने. गरोदर बाया आणि लहान मुलांना ती चालत नाही. गोळ्या येतात, पण बऱ्याचदा पहिला रुग्ण दगावल्यावर येतात. लावणी कधी सुरू होणार हे आरोग्य केंद्रापेक्षा गावाला आधी कळतं. तेव्हा मागणीचं पत्र मेमध्येच द्या, आणि गोठ्याचं मूत सरळ खाचरात सोडलेलं असेल तर ते वळवून शोषखड्ड्यात किंवा खताच्या खड्ड्यात न्यायला लावा.

आता आगराकडे. यातला पंचायतीचा संबंध काय, असं काही सदस्यांना वाटेल. श्रीवर्धन-मुरुडपासून गुहागरपर्यंत आणि खाली वेंगुर्ल्यापर्यंत ज्या घरांची वर्षाची बेगमी पोफळीवर चालते, त्यांना तसं वाटणार नाही. जुलैत हिरवी फळं टपाटप गळायला लागतात. देठाजवळ पाणी सुटल्यागत काळपट डाग, त्यावर पांढरी लव. हा कोळेरोग. करणारा फायटोफ्थोरा. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण खऱ्या बुरशीपेक्षा त्याचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी जवळचं. त्याचे बीजाणू चक्क पोहतात. प्रत्येकाला दोन शेपट्या, आणि पाण्याचा पातळ थर मिळाला की फळाकडे निघाले. याच जातकुळीतल्या दुसऱ्या एकाने 1845 नंतर आयर्लंडमधला बटाटा सडवून दुष्काळ पाडला. आपल्याकडे याचे भाऊबंद माडाचा कोंब कुजवतात आणि मिरीचा वेल मुळापासून घालवतात.

गळलेली फळं आपण काय करतो? गोळा करून पऱ्यात लोटतो. आगर स्वच्छ झालं. पऱ्या त्या पोहणाऱ्या बीजाणूंना घेऊन खालच्या आगरात जातो, आणि खालचा माणूस त्याच पऱ्याचं पाणी पाटाने आत घेतो. शौचालयाच्या खड्ड्यापासून विहिरीपर्यंत जे चालतं तेच इथेही चालतं. सडकी फळं पऱ्यापासून दूर खड्ड्यात पुरली पाहिजेत किंवा जाळली पाहिजेत, आणि हे एकट्यादुकट्याने करून भागत नाही. वरच्याने न करता खालच्याने केलं तर त्याची मेहनत फुकट.

औषध जुनंच आहे. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या द्राक्षांना चोरांनी हात लावू नये म्हणून मोरचूद आणि चुना फासून ठेवत. तेवढेच वेल रोगातून वाचलेले मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या नजरेस आले आणि 1885 साली बोर्डो मिश्रण जगाला मिळालं. चोरांच्या भीतीने जगातल्या शेतीचं एवढं भलं दुसरीकडे कुठे झालं असेल असं वाटत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं विरघळवायचं, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. मग विळ्याचं पातं मिश्रणात पाच-दहा मिनिटं धरायचं. त्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडलाय. पहिली फवारणी पावसाच्या आधी, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून. हे सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते पोफळीवर चढणाऱ्या गड्यापाशी. गडी मोजके, आगरं अनेक, म्हणून पहिली फवारणी जूनच्या अखेरीला, रोग शिरल्यावर होते. गावाने मिळून गडी ठरवले आणि मे अखेरीचा एक आठवडा वाड्यांना वाटून दिला तर एका पऱ्यावरची सगळी आगरं एकाच वेळी फवारून होतील. फवारणीच्या दिवशी आगरातली विहीर झाकायला सांगा, आणि मोरचुदाचं पिंप पऱ्यात धुवायला मनाई करा. मासे मरतात.

भाताच्या कडा करप्याचंही असंच. पानाच्या कडा टोकापासून पिवळ्या पडून वाळत खाली येतात. जिवाणू वाऱ्यापावसाने घासलेल्या पानांतून शिरतो आणि एका खाचरातून दुसऱ्यात पाण्याबरोबर उतरतो. वरच्याचं पाणी खालच्याने घ्यायचं ही आपली पूर्वापार रीत. पाण्यावरून बांधावर डोकी फुटतात, पाण्यातून आलेल्या रोगावरून मात्र भांडण झालेलं मी ऐकलं नाही. वरच्या खाचरात रोग दिसला की पाणी बाजूने काढून द्यावं आणि हात सैल सोडून युरिया टाकणं थांबवावं. हिवाळी मिरची-वांग्याची रोपं हिरवीगार असताना एका दिवसात माना टाकतात, त्याची परीक्षा तर शाळकरी पोरही करू शकेल. बुंध्याजवळच्या खोडाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात धरायचा. पांढरट धार खाली उतरताना दिसली तर ती जिवाणूंची. ते झाड उपटायचं आणि त्या सरीचं पाणी पुढच्या सरीत जाऊ द्यायचं नाही.

आपल्या बायका हंड्यावर फडकं बांधून पाणी गाळतात, त्याला कुणी अडाणीपणा म्हणू नये. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू खाडीच्या मचूळ पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतो. बांगलादेशात जुन्या साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळायला शिकवलेल्या गावांत पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्यावर आले, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. काविळीचा विषाणू मात्र त्या फडक्यातून सहज पार होतो, म्हणून गाळणं चालू ठेवायचं आणि उकळणंही. जरीमरीला ओटी भरणाऱ्या आणि गाऱ्हाण्यात रोगराई टळू दे म्हणणाऱ्या गावांना पाण्याची भीती नवी नाही. आपल्या आज्यांना तिचं कारण ठाऊक नव्हतं, आपल्याला आहे.

तर मागणी अशी. ग्रामसभेच्या आधी, एप्रिलमध्येच, सदस्य, जलसुरक्षक, आशाताई आणि प्रत्येक वाडीतला एक जाणता बागायतदार यांनी मिळून गावाच्या माथ्यापासून खाडीपर्यंत एकदा चालत यावं. सोबत गावाचा नकाशा. त्यावर विहिरी, शोषखड्डे, गोठे, उकिरडे, पऱ्याचे वळसे, एकातून दुसऱ्यात पाणी घेणारी खाचरं मांडावीत, आणि पाऊस आल्यावर पाणी कुठून कुठे जाईल त्याचे बाण काढावेत. जुन्या माणसांना हे बाण तोंडपाठ असतात. तो नकाशा 1 मेला भिंतीवर लावा. कुणाचा खड्डा कुणाच्या विहिरीच्या डोक्यावर आहे हे नाव न घेता सगळ्यांना दिसेल. वाद होईल. होऊ द्या, मेमध्ये झालेला वाद परवडतो.

पाऊस लागल्यावर, जूनच्या अखेरीस, प्रत्येक सार्वजनिक विहिरीचं पाणी एच-टू-एसच्या बाटलीत घ्या. ही चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 साली पुढे आणली, वीज लागत नाही, शिक्षण लागत नाही. पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर त्यात विष्ठेचा अंश आहे असं धरून चालायचं. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच महिलांना पाणी तपासायला शिकवलं आहे. त्यांचं किट कपाटात असेल तर बाहेर काढा. काळ्या झालेल्या बाटल्या ऑफिसच्या दर्शनी खिडकीत ठेवा, विहिरीचं नाव लिहून. पाण्याच्या स्रोतांच्या सर्वेक्षणात हिरवं कार्ड मिळालेल्या गावांनी तर जरूर. ते कार्ड ज्या सर्वेक्षणावर मिळतं ते पावसाळ्याच्या आधी आणि नंतर होतं, आणि आपली विहीर बिघडते ती त्या दोन्हींच्या मधे.

नव्या बांधकामाच्या ना-हरकत दाखल्याला खड्ड्याची जागा, उतार आणि शेजाऱ्याची विहीर दाखवणारी पाहणी जोडल्याशिवाय दाखला देऊ नये, असा ठराव त्याच सभेत घ्या. जुन्या घरांना एक पावसाळा मुदत द्या. सडकी फळं पऱ्यात न टाकण्याचा ठराव वेगळा घ्या, तो कदाचित एकमताने होईल, कारण त्यात प्रत्येकाचा स्वतःचा पैसा आहे.

नोटीस सभेच्या सात दिवस आधी लागते. म्हणजे विषयपत्रिका लिहायला तुमच्याकडे एप्रिलचा तिसरा आठवडा आहे.

कळावे,

एक निवृत्त आरोग्य सेवक आणि पोफळीचा बागायतदार
तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी